ठकीची हजेरी

अहो पाव्हणं, तिकडं फळ्याजवळ गुरुजींची खुर्ची शोधू नका, सापडायची नाही. आमच्या कुसळवाडीच्या शाळेत गुरुजी एकेका पोरासमोर जाऊन हजेरी घेतात. बसायच्या पट्ट्याही दर सोमवारी फिरतात, पुढचे मागं अन् मागचे पुढं. सरपंचाचा नातू का असेना, सुटका नाही. वीस वर्षं मी इथं खिचडी शिजवते, पण हा नेम कुणी मोडलेला पाहिला नाही.

हा नेम पडायच्या आधी शाळा देवळाच्या ओवरीत भरायची, असं सांगतात. शेजारी लोहाराचं दुकान, दिवसभर ऐरणीची ठणठण. आबाजी गुरुजी भारी शिस्तीचे. हुशार पोरं पुढं, 'ढ' पोरं मागं! धनगरवाड्यावरच्या बिरूची लेक ठकी सगळ्यांत मागं, खांबाआड. तिथून ना फळा दिसे, ना गुरुजींचं ऐकू येई. मग डोंबल येणार तिला? विचारलेलं ऐकू येईना म्हणून उत्तर नाही, अन् उत्तर नाही म्हणून परत खांबाआडच. पण पोरीनं एक खाडा केला नाही. चौथी पास झालीस तर पुढं शिकवीन, नाहीतर मेंढरांमागं चल, असं बाप म्हणाला होता.

वार्षिक परीक्षा आली तसा गुरुजींनी हजेरीपट उघडला अन् वाचलं, "ठकी बिरू, दोनशे अकरा दिवस गैरहजर. परीक्षेला बसता येणार नाही."

"गुरुजी, मी रोज आलेय की!" म्हणत ठकी खांबाआडून पुढं आली.

गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं अन् विचारलं, "तू कुणाची गं?"

ऐकलंत? वर्षभर त्यांच्याच वर्गात बसलेल्या पोरीला! पोरगी रोज 'हजर' म्हणायची, पण त्या ठणठणाटात तिचा आवाज पोचायचा नाही. गुरुजी मान वर न करता लाल शाईनं 'गै' लिहून मोकळे! आता गुरुजींना ते उमगलं. ते स्वतः तिच्या जागी जाऊन बसले आणि पुढच्या पोराला धडा वाचायला लावला. एक शब्द कानावर आला नाही. तिथंच ते ढसाढसा रडले, असं सांगतात.

तालुक्याला धावत गेले. तिथले शिक्षणखात्याचे साहेब म्हणाले, पटावर असेल तेच खरं. पोरं पेपर लिहीत होती अन् ठकी पायरीवर बसून होती. आठवड्याभरात बिरूनं बिऱ्हाड हलवलं. ती परत या गावात कुणाला दिसली नाही. गुरुजींनी देवापुढं शपथ घेतली, आता खुर्चीला शिवणार नाही आणि पोराच्या तोंडाकडं पाहिल्याबिगर हजेरी मांडणार नाही.

तेव्हापासून किती गुरुजी आले, किती गेले. आजही हजेरीत पहिलं नाव ठकीचं घेतात. पोरं गप्प बसून कान देतात. मग गुरुजी तिच्या नावापुढं 'हजर' लिहितात. गैरहजर लिहायची अजून कुणाची छाती झालेली नाही.