अमीराची दुपार

काबूलमध्ये रोज बारा वाजता टेकडीवरची तोफ उडायची, आणि शहराला दुपार झाल्याचं कळायचं. अमीर झरवर खानाची मात्र तेव्हा झोप मोडायची. त्याने तोफवाल्या गुलमीरला बोलावलं.

"आजपासून मी उठेन तेव्हा दुपार. पुढची वेळही तिथूनच मोजायची. एक जरी तोफ लवकर उडाली, तर तुझं डोकं उडवीन."

"जी हुजूर," गुलमीर म्हणाला. त्याला डोकं एकच होतं.

मग रमजान आला. पहिल्याच रोजाला अमीर चार वाजता उठला, आणि लगेच दुपारची तोफ झाली. सूर्य बुडाला, पुलाव आला, अमीराने खजूर हातात घेतला. पण तोफेशिवाय रोजा सोडायची पद्धत नव्हती, आणि तोफ काही उडेना. गुलमीरला धरून आणलं.

"अंधार पडला. तोफ कुठाय?"

"हुजूर, दुपारनंतर सहा तासांनी संध्याकाळ होते. आज दुपार चारला झाली, म्हणजे तोफ दहाला. आधी उडवली तर माझं डोकं जाईल."

अमीराने पुलावाकडे पाहिलं. तो निवत चालला होता.

"पूर्वी दुपार कधी व्हायची?"

"बाराला."

"मग आजचीही बारालाच झाली."

"तसं लिहून द्या, हुजूर."

शाई वाळेपर्यंत खजूर अमीराच्या हातातच होता.