पाखरओट्यापाशी कुणी बोलत नाही

भोरडवाडीत शिरलात की पहिल्यांदा नजरेत भरतात ते परसापरसातले दगडी खांब. छातीइतके उंच, वर पाटासारखी सपाट शिळा, शिळेच्या एका कोपऱ्यात पाण्याची मातीची परळ. नवखा पाहुणा तुळशीवृंदावन समजून हात जोडतो. गावकरी त्याला हसत नाहीत. म्हणतात, जोडलेत ते बरंच केलंत. हे पाखरओटे. रोज सकाळी घरची बाई ओटा राखेनं घासते, धुते, कोरडा करते, त्यावर मूठभर ज्वारी पसरते आणि मागं सरून उभी राहते. पहिलं पाखरू दाणा उचलीपर्यंत परसात कुणी चकार शब्द काढत नाही. त्या वेळी दारातून हाक मारलीत तर ओ मिळणार नाही. राग मानू नका. ही रीत भिवराईपासून चालत आली आहे.

भिवराई फार जुन्या काळी या वाडीत सून म्हणून आली, असं सांगतात. तेव्हा ओटे नव्हते. काळी रानं होती, ज्वारी होती, आणि ज्वारी हुरड्याला आली की आभाळ झाकत येणारे भोरड्या पाखरांचे थवे होते. भिवराईच्या गोफणीला पंचक्रोशीत तोड नव्हती म्हणे. रानातल्या राखणीच्या माळ्यावर उभी राहून तिनं ‘हाऽऽ हुर्र!’ अशी आरोळी ठोकली की शेजारच्या शिवारातली पाखरंही उठायची. लोक तिच्या नवऱ्याला, सिदोजीला, चिडवायचे की तुझ्या रानात पाखरूच काय, तूही तिला विचारल्याशिवाय कणीस मोडत नसशील. भिवराईला याचा अभिमान होता, आणि का नसावा? राखलेल्या दाण्यावरच वर्षाची भाकरी होती.

तिला एकच लेक, ठकू. उशिरा झालेली, म्हणून जिवापाड जपलेली. हे पोर चालू-बोलू लागलं आणि तापानं अंथरुणाला खिळलं. पुढं ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. घास तोंडाशी नेला की पोर ओठ मिटून मान फिरवायची. घोटभर दूध कसंबसं उतरायचं. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला, वैदूचे काढे झाले. घरातल्या कणग्या तोंडापर्यंत भरलेल्या होत्या आणि लेक मात्र दिवसेंदिवस वाळत चालली होती. भिवराई तिला मांडीवर घेई तेव्हा तिचं हलकं झालेलं अंग हाताला कळे.

शेवटी सासू, सखुबाई, बोलली. “भिवरे, रागावू नगंस. पर जल्मभर दुसऱ्याच्या लेकरांच्या तोंडचा घास उडवलास बाई. आधी त्यांचा त्यांना दे, मग आपला माग.”

दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर त्याची धडगत नव्हती. पण सासूच्या डोळ्यांत पाणी होतं. भिवराई तशीच उठली आणि तिनं गावदेवी तुकाईपुढं पदर पसरला. “आई, हितनं फुडं माज्या घरात पैला घास पाखरांचा. त्यांनी दाणा टिपल्याबिगर मी तोंडात काय घालणार न्हाई. पर माजी ठकू जेवू दे.”

नवस बोलणं सोपं असतं. तिनं माळ्याची एक फळी काढून आणली, परसात कुंपणाच्या सावलीला दोन धोंड्यांवर मांडली आणि ओंजळभर ज्वारी पसरली. एक होला भीतभीत उतरला. तोच कुंपणातून बोक्यानं झेप घातली. फळीवर नुसती पिसं उरली. भिवराईनं कपाळाला हात लावला. घास द्यायला गेली आणि जीवच घेऊन बसली. मग सिदोजीनं माळ्याची लाकडी मेढ आणून परसाच्या मधोमध रोवली. लपायला झुडूप नाही, उडी मारायला भिंत नाही, अशी मोकळी जागा पाहून फळी तिच्यावर उंच बसवली.

तरी पाखरं आली की चोच लावत आणि दाणा न टिपताच निघून जात. रात्रीच्या दवानं भिजून कालचे दाणे आंबलेले असत, आणि भिवराई सढळ हातानं त्यांच्यावरच नवे ओती. ते पाहून सखुबाई म्हणाली, “उष्ट्या ताटात पाव्हण्याला वाढतीस व्हय गं?” तेव्हापासून फळी रोज राखेनं घासायची, धुवायची, कोरडी करायची असं ठरलं. इकडं भिवराईच्या पोटात नुसतं पाणी. चालताना तिला भोवळ यायची, पण नवस म्हणजे नवस.

मग एका सकाळी पाखरं खरंच उतरली. आधी चिमण्या, मागून साळुंक्या, मग भोरड्यांचा थवाच्या थवा. पायरीवर ठकूला मांडीवर घेऊन बसलेली भिवराई बघतच राहिली. आणि काय झालं तिचं तिला कळलं नाही. उभ्या जन्माची सवय ती, समोर दाण्यावर भोरड्या दिसल्या आणि हात कमरेच्या गोफणीकडं गेला, तोंडातून निघालं, “हाऽऽ हुर्र!”

क्षणात फळी रिकामी झाली.

तोच कित्येक दिवस रडायचंही बळ नसलेली ठकू हुंदके देऊन रडू लागली. “आई, त्यास्नी जेवू दे की गं.”

त्या शब्दांनी भिवराईचं काळीज फाटलं. तिनं कमरेची गोफण सोडली आणि मेढीच्या बुडाशी पुरून टाकली. आता या जागी तोंड उघडायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी तिनं फळी घासली, धुतली, पदरानं पुसली, दाणे पसरले आणि पदराचा बोळा दातांत धरून लेकीला कडेवर घेऊन उभी राहिली. ऊन माळवदावर चढलं. सिदोजीनं आतून हाक मारली; तिनं ओ दिली नाही. सखुबाई मागं येऊन उभी राहिली, तीही गप्प.

किती तरी वेळानं एक चिमणी आली. बरोबर नुकतं उडायला लागलेलं पिल्लू. ते पंख थरथरवीत आईपुढं आ करून बसलं. चिमणीनं दाणा टिपला, चोचीत फोडला, पिल्लाला भरवला. त्यानं पुन्हा आ केला. ठकू टक लावून बघत होती. बघता बघता तिचे मिटलेले ओठ सुटले, आणि पिल्लासारखं तिनंही तोंड उघडलं.

भिवराईच्या हाताशी भरवायला काही नव्हतं. पण सखुबाईनं मागून दूधभाकरीची वाटी पुढं केली. नातीसाठी ती रोज सकाळी कुस्करून ठेवत होती आणि रोज तशीच गाईला घालत होती, कुणाला न सांगता. भिवराईनं घास भरवला. ठकूनं गिळला, आणि पुन्हा आ केला. दोघी बायका रडत होत्या, पण हुंदका कुणी बाहेर येऊ दिला नाही.

ठकू मोठी झाली, नांदायला गेली, लेकुरवाळी झाली, असं सांगतात. मेढ कुजली तेव्हा तिथं दगड बसला, आणि एकीचं बघून दुसरीनं आपल्या परसात तसाच ओटा उभा केला. या पुण्याईनं भोरड्यांनी रानातली ज्वारी सोडली असंही काही जण सांगतात. ते खरं नाही. भोरड्या अजून येतात, दाणा खातात, आणि वाडीची माणसं अजून गोफण फिरवतात. फक्त ती गोफण रानातच झाडाला टांगून येतात, परसात आणत नाहीत.

आजही भोरडवाडीत एखादं लेकरू जेवेनासं झालं की आई त्याला कडेवर घेऊन ओट्यापाशी उभी राहते. रागावत नाही, विनवत नाही, काही बोलत नाही. आणि तिच्या मागं घरातलं कुणी तरी वाटी घेऊन उभं असतं.