मुरलेल्या शेजारणी

माणसांची पाठ वळली की भांडी बोलू लागत, त्या काळातली ही गोष्ट. एका फडताळात लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि फ्रान्समधल्या बोर्दोहून आलेली लाल वाइनची बाटली वर्षानुवर्षं शेजारी मुरत होत्या. एका संध्याकाळी पाहुण्यांसाठी बाटली ओट्यावर उतरली आणि तिथे भांडण पेटलं.

ओट्यावरची काचेची सुरई म्हणाली, "आधी माझ्यात ओता. कोंडलेल्या जिवाला जरा वारा लागू दे, गाळही मागे राहील."

"म्हातारीला वारा सोसायचा नाही!" बाजूचा पेला कडाडला. "सगळा वास उडून जाईल. थेट माझ्यात ओता."

फडताळातली बरणी हे ऐकत होती. शेजारीण गेली तर बोलायचं कुणाशी? ती वरूनच ओरडली, "कुठेच ओतू नका! मुरेल तितकं चांगलं. ठेवा तिला परत."

बाटली हसली. "बरणीबाई, सुरईत विसावेन नाहीतर पेल्यात उतरेन, मला दोन्ही गोड. पण आणखी ठेवलंत तर आंबून जाईन. इतकी वर्षं मुरले ती काय फडताळासाठी?"

बूच निघालं. दरवळ फडताळापर्यंत आला. मग बरणीने तोंडाला घट्ट बांधलेला फडक्याचा दादरा हळूच सैल केला.