पाणी थांबतं तिथं

“मासे घंगाळात काढू, कुंड रिकामं करू आणि आतून चुना मारू. याशिवाय दुसरा उपाय आहे का, महाराज?”

सोमगिरीने विचारलं खरं, पण उत्तरासाठी त्याचं काही अडलं नव्हतं. चुना त्याने आधीच भिजत घातला होता.

आडदरीच्या मठामागे बाग होती आणि बागेत दगडी कुंड. त्यात पिढ्यान् पिढ्यांचे मासे. येणारा-जाणारा त्यांना कणकेच्या गोळ्या घाली. हे कुंड कुठूनसं गळत होतं, आणि ते भरलेलं ठेवणं ही सोमगिरीची सेवा होती. रोज सकाळी तो विहिरीवरून तांब्याच्या भल्यामोठ्या घागरीने खेपा घाली; दर खेपेला ती काठावरच्या दगडावर ठण्णकन आदळी, दम खाई आणि मग पाणी ओती. ती सेवा खालच्या गावापर्यंत ऐकू जायची. तशी ती जावी, अशी स्वारीची इच्छाही असायची.

यंदा मात्र विहिरीनेच तळ दाखवला, आणि सोमगिरीचं धाबं दणाणलं.

केवळगिरी महाराजांनी चुन्यात बोट बुडवलं आणि ते सोमगिरीच्या डोळ्याजवळ नेलं. तो झटकन मागे सरला.

“चुन्याच्या पाण्यात मासे कुठं सरतील?” महाराजांनी विचारलं.

“...मग काय करू?”

“काही नको. पाणी घालणं थांबव.”

“महाराज, मरतील हो ते!”

“घागर आण.”

त्याने आणली. महाराजांनी ती काठावरच्या त्याच दगडावर पालथी घातली आणि तिच्यावर खुशाल बसले.

संध्याकाळपर्यंत कुंड हातभर उतरलं. दुसऱ्या दिवशी आणखी उतरलं. कुंडातली सगळ्यांत म्हातारी, पांढऱ्या पाठीची मासळी आता वरूनही दिसू लागली होती, आणि तिला बघून सोमगिरीला भडभडून येत होतं.

“एक घागर, महाराज. एकच.”

महाराज हलले नाहीत.

“तडा तळाशीच असला तर?”

“तर मीही रडेन,” महाराज म्हणाले.

सकाळी सोमगिरी कुंडाशी आला तो डोळे मिटूनच. उघडायचा धीर होत नव्हता. शेवटी उघडले.

पाणी काल संध्याकाळी ज्या दगडापाशी होतं, तिथंच होतं. रात्रभरात बोटभरही उतरलं नव्हतं. कुणी अडवलं नव्हतं, कुणी भर घातली नव्हती. ते आपलं आपण थांबलं होतं.

आणि किती नितळ! इतकी वर्षं रोज पाणी ओतून ढवळलेलं कुंडच त्याने पाहिलं होतं. आज पहिल्यांदा त्याला तळ दिसला. तळाशी लहान-मोठे सगळे मासे निवांत होते, दुपारच्या जेवणानंतर घरातली माणसं पडतात तसे. म्हातारी मासळी कल्ले हलवत होती. सोमगिरीचे हात नकळत जोडले गेले. त्या पाण्यापुढे त्याला मोठ्याने श्वास घ्यायचीही भीती वाटली.

मग त्याची नजर पाण्यावरून वर सरकली.

पाण्याला लागूनच वर, दगडांच्या सांध्यात, केसाएवढा तडा होता. अजून ओला होता. तो एका दगडावरून दुसऱ्यावर चढत, वाकडातिकडा होत काठापर्यंत गेला होता. काठावर तो ज्या दगडात शिरला होता, त्या दगडावर पालथी घागर होती, आणि घागरीवर महाराज बसले होते.

सोमगिरीने ओढ्याकाठची चिकणमाती आणली, मऊ मळली आणि अंगठ्याने तड्यात बसवली. एक कणही पाण्यात पडू दिला नाही. त्याची सावली पाण्यावर पडली, तेव्हा गोळ्यांच्या आशेने मासे तिच्याखाली गोळा झाले. त्याला रडू आवरलं नाही.

उपसा थांबल्यामुळे विहिरीतही घागर बुडेल एवढं पाणी साठलं होतं.

“महाराज, आजपासून ही सेवा दुसऱ्या कुणाला द्या,” तो म्हणाला. “या घागरीला माझा हात लागायला नको.”

महाराज उठले. त्यांनी घागर सुलटी केली, उपरण्याने पुसली आणि सोमगिरीच्या खांद्यावर ठेवली.

“भर,” ते म्हणाले. “हळू टेकव.”