सात दुःखांचे पाठांतर

नदीकाठी वैद्यकी शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे एकदा एक शिष्य राहत होता. त्याच्या गावचे वैद्य वारले होते आणि गावकऱ्यांनी त्याला मोठ्या आशेने धाडले होते. ‘शिकून लवकर ये बाबा, इथे साधा ताप आला तरी बारा कोस जावे लागते,’ असे त्यांचे सांगणे होते.

परीक्षा पौर्णिमेला होती. गुरुजींची रीत अशी, की साठ वनस्पती, त्यांचे गुण, कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे सारे आधी सरळ म्हणायचे, मग शेवटापासून उलट. उलट म्हणताना जो अडेल, त्याला आणखी एक वर्ष. गुरुजी म्हणत, रोगी काही पोथीच्या क्रमाने येत नाहीत.

परीक्षेला महिना उरला, तेव्हा शिष्याला अकरा येत होत्या. त्याही सरळ.

तो गुरुजींपुढे जाऊन बसला. “गुरुजी, माझे मन ठिकाणावर नाही. दुःखे जरा आवरली की अभ्यासाला बसतो. तोवर रजा द्या.”

“कसली दुःखे, बाळा?”

शिष्याने सांगितली. ठरलेले लग्न मोडले. मुलगी म्हणाली, नवऱ्याच्या अंगाला हिंगाचा वास येतो. गुळवेल काढताना झाडावरून पडलो, मनगट मुरगळले. लिहिलेली वही शेळीने खाल्ली. नवे धोतर नदीत वाहून गेले. थोरला भाऊ भांडून वेगळा झाला. वडिलांचे डोळे गेले. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दाढ दुखते.

गुरुजी शांतपणे म्हणाले, “पुन्हा सांग.”

त्याने पुन्हा सांगितले. दुसऱ्या दिवशीही गुरुजींनी सारे म्हणून घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “आता उलट म्हण.”

शिष्य चक्रावला. पण गुरूंची आज्ञा! दाढेपासून हिंगापर्यंत त्याने एका दमात म्हणून दाखवले.

“धोतराच्या आधी काय?”

“शेळी.”

“वही कोणत्या वारी खाल्ली?”

“मंगळवारी, दुपारी. शेजारची काळी शेळी. कोपऱ्यापासून सुरुवात केली तिने.”

गुरुजींच्या पत्नी पलीकडे तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं बाई, केवढं बिनचूक! एवढं औषधांचं पाठ केलं असतंस, तर आज पंचक्रोशीच्या नाड्या बघत बसला असतास.”

शिष्याने मान खाली घातली. गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“अरे, सुलट-उलट, मधूनच विचारलं तरी न अडखळणारं मन ठिकाणावरच असतं. ते फक्त रोज एकच धडा गिरवतंय. दुःख आवरल्यावर बसेन म्हणतोस; मी एवढा म्हातारा झालो, माझं अजून आवरलं नाही. उद्या तापानं फणफणलेला माणूस दारात आला, तर त्याला सांगशील का, माझी दाढ थांबली की ये म्हणून?”

शिष्याला हसू आले, पण गुरुजी हसले नाहीत.

“आणखी एक. तीन दिवस ऐकतोय. शेळी तू रंगवून सांगतोस. वडिलांचे डोळे गेले, एवढंच मात्र दर वेळी घाईनं उरकून दाढेवर उडी मारतोस. खरं दुखणं तिथं आहे. त्यांच्यापाशी जाऊन बस. माझी पोथी ने. त्यांना कान आहेत ना? वाचून दाखव.”

“रजा किती दिवसांची, गुरुजी?”

“रजा कसली? हा अभ्यासच आहे. जाताना दाढेला लवंग घे, आणि पोथी शेळीपासून सांभाळ.”

शिष्य घरी गेला. वडील ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. “आता मी कोणाच्या कामाचा?” एवढेच म्हणाले. मुलगा शेजारी बसून वाचू लागला. चौथ्या दिवशी तो पोथी मिटून म्हणत होता, तेव्हा भिंतीकडून आवाज आला, “अडुळशानंतर रिंगणी. तू एक खाल्लीस.” मग वडील रोज म्हणून घेऊ लागले. पाने चुरगळून, हुंगून ओळखू लागले. एखाद्या दिवशी दोघांनाही काही बोलवत नसे; त्या दिवशी नुसते बसून राहत. दुसऱ्या दिवशी पुढचे पान.

पौर्णिमेला गावकरी बैलगाडी जोडून शिष्याला गुरुजींकडे घेऊन आले, वडिलांनाही. शिष्याने सरळ पाठ घडाघडा म्हटला. उलट म्हणताना मात्र तेविसावीवर गाडी थांबली.

“निर्गुडी, गाढवा!” मागून वडील ओरडले.

सगळे गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागले. गुरुजींनी विचारले, “बोललं कोण? पुढचं येतं का?” वडिलांनी तिथून पहिलीपर्यंत न चुकता म्हणून दाखवले. मग शिष्यानेही म्हटले, तेही न चुकता.

गुरुजी खूप वेळ हसत राहिले. “शिकता शिकता जो दुसऱ्याला शिकवून आला, त्याला मी आणखी वर्षभर काय शिकवू? घेऊन जा रे दोघांना. एक वैद्य मागितला होतात, दीड मिळाला.”

परतताना चढणीवर दोघे गाडीतून उतरले. वडिलांचा हात धरून शिष्य गप्प चालला होता.

“काय रे, पुन्हा दुःख का?”

“आहे की, बाबा. पण मनात पाठही चाललाय.”

“मग मोठ्यानं म्हण,” वडील म्हणाले, “मला वाट तरी कळेल.”