फेअर वाकत नसे

त्या राज्यात नाम एकटं बाहेर पडत नसे. पुढे विशेषण चालायचं, त्याच्या मागे नाम. मागचं नाम बाई की पुरुष की मूल, ते पाहून विशेषणाने वाकावं, अशी रीत होती. चांगला हा शब्द दिवसभरात कधी चांगली व्हायचा, कधी चांगलं, आणि त्यात त्याला काडीचा कमीपणा वाटत नसे.

फेअर समुद्रापलीकडून आला होता. तो कुणापुढेच वाकत नसे. फेअर मुलगा, फेअर मुलगी, सगळीकडे आपला ताठच्या ताठ, आणि या ताठपणाचा त्याला भारी तोरा. त्याच्या गाठोड्यात दोन अर्थ होते, निष्पक्ष आणि गोरा. पहिल्यावर त्याचा जीव होता. म्हणून तो आधी निवाडा नावाच्या नामाच्या दारी चाकरी मागायला गेला. पण तिथे काम बेताचंच, आणि लग्नघरांतून मात्र बोलावण्यांवर बोलावणी. लग्नघरात दुसराच अर्थ चाले. हळूहळू पहिला गाठोड्याच्या तळाशी गेला.

एकदा त्याला लेक नावाच्या नामाच्या घरी नेलं. लेकीपुढे जन्मापासून सावळी चालत आली होती. पाहुणे यायच्या आत आईने लेकीच्या तोंडावर पावडर थापली आणि सावळीला मागच्या दाराने वाटेला लावलं. जाताना सावळी फेअरजवळ थांबली.

"आम्ही रूप बदलतो बाबा," ती म्हणाली, "अर्थ नाही."

फेअरचे कान गरम झाले. आपण धडधडीत खोटं बोलणार आहोत हे त्याला कळत होतं. तरी तो लेकीपुढे उभा राहिला, ताठ.

लग्न झालं आणि पहिल्याच उन्हात पावडर घामाबरोबर उतरली. फसवलं म्हणत सासरच्यांनी लेकीला निवाड्याकडे ओढत आणलं. खोटं बोलला फेअर, मान खाली लेकीची. त्याला तोंड लपवावंसं वाटलं. पण आज निवाड्यापुढे चाललो तरच ती सुटेल, हेही त्याला दिसत होतं. त्याने गाठोडं उपसून तळाचा अर्थ काढला, झटकला, अंगात घातला आणि निवाड्याचं दार गाठलं.

"आज मी तुमच्यापुढे चालतो," तो म्हणाला.

निवाड्याने त्याला लगेच ओळखलं. कितीतरी लग्नांत पाहिलं होतं. तो खूश झाला, "आलोच," म्हणून आत गेला. अंगणात लेक मान खाली घालून थांबली होती.

निवाडा बाहेर आला तो तोंडभर पावडर थापून.