गोरक्षने पाहुण्यांच्या पायांवर पाणी घातलं

एका गावात एक भोळा गोरक्ष होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव दुसरा शब्द वापरायचं आणि तोच बरोबर होता.

त्याची बायको वैजयंता शिकलेली. चार वर्षं अर्ज करून करून तिला एका दवाखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत घरबसल्या, कॉम्प्युटरवर, शुक्रवारी तीन वाजता. तिने भिशीच्या पैशातून कॉम्प्युटर आणला. पडदा टेबलावर ठेवला, मोठा डबा टेबलाखाली.

गुरुवारी इंटरनेटवाला आला. त्याने भिंतीवर राउटर नावाचा छोटा डबा ठोकला आणि म्हणाला, "हे घराचं दारच समजा. बाहेरचं जे काय यायचं, ते ह्यातूनच येणार."

गोरक्ष तसंच समजला. तिथेच घात झाला.

शुक्रवारी सकाळी वैजयंता म्हणाली, "अहो, आज मला अभ्यास आहे. दारात जरा पाणी मारा."

आता घराला दारं दोन. गोरक्षने नव्याचा मान आधी ठेवला. राउटरवर तांब्याभर पाणी मारलं, हळदकुंकू लावलं. राउटर फट्ट करून विझला.

इंटरनेटवाला दुसरा डबा घेऊन धावत आला. "दादा, ह्याला पाणी लावायचं नाही. कोरड्या फडक्याने पुसायचं."

"पुसतो," गोरक्ष म्हणाला. शब्दाचा पक्का होता. डोक्याचं विचारू नका.

दुपारी वैजयंताचे वडील आले. लेकीच्या मुलाखतीसाठी म्हातारा फुफाट्यातून चालत आलेला. दारात उभा राहून म्हणाला, "जावईबापू, पायावर पाणी घाला जरा."

"दारात पाणी चालत नाही, मामा," गोरक्ष म्हणाला. त्याने फडकं आणलं आणि सासऱ्याला पायापासून मिशीपर्यंत कोरडं पुसून काढलं.

वैजयंताने कपाळ बडवलं. "अहो, डबा कुठला, माणूस कुठलं! दारातून ओळखीचं माणूस आलं की पायांवर पाणी घालायचं. एवढं तरी लक्षात ठेवाल?"

"ठेवतो."

तीन वाजले. पडद्यावर दोन बायका आणि एक गृहस्थ दिसले. गृहस्थ हसून म्हणाले, "नमस्कार, वैजयंताताई."

नावाने हाक मारली, म्हणजे ओळखीचे. आणि आले नव्या दारातून. गोरक्ष उठला. वैजयंता छान उत्तरं देत होती. बायका माना डोलवत होत्या. गृहस्थ म्हणाले, "ताई, कामावर कधीपासून येता?"

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात गोरक्ष भरली कळशी घेऊन आला. त्याने पडदा नीट पाहिला. पाहुणे छातीपर्यंतच दिसत होते. म्हणजे पाय टेबलाखाली. तो वाकला आणि अख्खी कळशी टेबलाखाली रिकामी केली.

पडदा काळा झाला. वैजयंता टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. म्हातारा काठी शोधू लागला.

गोरक्ष मात्र पाहुण्यांवर नाराज होता.

"काय माणसं," तो म्हणाला. "पाय पुसायला फडकं आणेपर्यंतसुद्धा थांबली नाहीत."